कुंडीला भोक नव्हतं

श्रावण अर्ध्यावर आला की महाडमध्ये सगळ्या वस्तूंना ओल चढते. काडेपेटीची काडी पेटत नाही, नुसती खरवडली जाते. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते आणि दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीही हाताला गार लागतात. माणसं वैतागतात, पण तेही सवयीनं. मला मात्र या दिवसांत एका वासाची भीती वाटते. कुजलेल्या मुळांचा वास असतो तो, जरासा गोडसर. तो नाकात शिरला की पोलादपूरचं ते कार्यालय समोर उभं राहतं आणि माझा दिवस नासतो.

काल तसंच झालं. बायकोनं स्वयंपाकघराच्या खिडकीतली कुंडी उचलून माझ्यापुढं वर्तमानपत्रावर आणून ठेवली. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी दिलेला लहानसा निवडुंग होता. चपट्या पानांचा. पानं म्हणायची आपली, खरं तर ती त्याची खोडंच असतात.

"एवढं शेतीचं शिकलात, तर सांगा हा पिवळा का पडतोय," ती म्हणाली.

मी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं बुडाशी दाबून पाहिलं. टोक आत गेलं. पिवळेपणा खालून वर चढत होता, शेंड्याची पानं अजून हिरवी होती. पाणी कमी पडलं तर निवडुंग सुरकुततो, पण मऊ पडत नाही. उन्हानं भाजला तर उन्हाच्या बाजूलाच पांढुरका चट्टा येतो, दुसरी बाजू हिरवी राहते. आणि बुडापासून मऊ होत पिवळा पडत गेला, तर तो पाण्यानं मरतोय. यात अवघड काही नाही. शेतीच्या पदवीला असलेला कुठलाही पोरगा हे सांगेल.

"पाणी जास्त झालंय," मी म्हणालो.

"कोण घालतंय एवढं पाणी?"

तिनं सहज विचारलं होतं. मी चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

हाच प्रश्न मला बारा-तेरा वर्षांपूर्वी एका माणसानं विचारला होता. तो सहज विचारत नव्हता. आणि मी त्याला उत्तर दिलं होतं.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. पदवी खिशात, नोकरी तात्पुरत्या कारकुनाची. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत खोली होती आणि रोज सकाळी एसटीनं पोलादपूरला जायचो. कार्यालय कुठल्या खात्याचं होतं ते सांगत नाही. ती इमारतही आता पाडली. तीन खोल्या, वर कौलं, पुढं पडवी, आणि पावसाळ्यात खिडकीतून आत येणारं घाटावरचं धुकं. टाइपरायटरच्या फितीला बुरशी धरायची. फायली एकमेकींना चिकटायच्या, सोडवताना वरचा कागद फाटायचा.

त्या जूनमध्ये नवे साहेब बदलून आले. त्यांच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नाही. शिवी दिली असती तर समोरच्याला निदान राग तरी आला असता. ते चष्मा काढायचे, रुमालानं पुसायचे, आणि पुसून होईपर्यंत माणसाला उभं ठेवायचे. चष्मा पुन्हा नाकावर चढेपर्यंत समोरच्याची अर्धी हाडं मोडलेली असायची. मग हळू आवाजात, बाळाशी बोलावं तसं बोलायचे.

त्यांनी सोबत एक निवडुंग आणला होता. जुन्या कार्यालयातून निघताना त्यांच्या वरच्या साहेबांनी तो त्यांना भेट दिला होता. पांढऱ्या चिनी मातीची चकचकीत कुंडी, तिच्यावर निळी फुलं रंगवलेली, आणि तिच्यात गोल गोल हिरव्या पानांचा हातभर उंच निवडुंग. पानांवर सोनेरी ठिपके. लांबून बघितलं तर मखमलीचा भास व्हायचा. पण ते ठिपके म्हणजे केसाहून बारीक कुसळांचे झुपके होते. बोट नुसतं घासलं तरी पन्नासेक कुसळं कातडीत जायची. ती दिसत नाहीत, चिमट्यात येत नाहीत आणि दोन-तीन दिवस प्रत्येक स्पर्शाला टोचत राहतात.

"वरचे साहेब गणपतीनंतर तपासणीला येणार आहेत," आम्हा सगळ्यांना समोर बोलावून साहेब म्हणाले. "त्यांना हा इथं, असाच्या असा दिसला पाहिजे. रोज सकाळी एक ग्लास पाणी. कोण घालणार?"

घालणार कोण, ते ठरलेलंच होतं. कार्यालयात असलं प्रत्येक काम भागाबाईचं होतं.

भागाबाई आमच्याकडं अर्धवेळ परिचर होती. झाडलोट करायची, पिण्याचं पाणी भरायची, चहा करायची, या टेबलावरच्या फायली त्या टेबलावर न्यायची. नऊ वर्षं झाली होती तिला. कधीतरी कायम करतील या आशेवर टिकून होती. डोंगरमाथ्यावरच्या वाडीत राहायची. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला होता. चार शेळ्या, नाचणीचा एक तुकडा, आणि एक मुलगी. रोज सकाळी दीड तास डोंगर उतरून दोघी खाली यायच्या. मुलगी हायस्कुलात जायची, आई कार्यालयात. संध्याकाळी मुलगी एसटी स्टँडच्या बाकावर पुस्तक उघडून आईची वाट बघत बसायची आणि मग दोघी मिळून वर चढायच्या. जंगलातली वाट, पोरीला एकटीला सोडता येत नाही, असं भागाबाई म्हणायची. आपल्या वाडीतली दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी, हेही ती आठवड्यातून एकदा तरी सांगायची. मी त्या मुलीला नेहमी पाठमोरीच पाहिलं. दोन वेण्या आणि डोक्यावरून घेतलेली प्लास्टिकची खोळ.

साहेबांचा हुकूम ऐकून भागाबाई दारातच थांबली.

"सायब, याला रोज पानी कशाला? आमच्या वाडीत कुंपनाला हाय असला. त्याला कोन पानी घालतो? उतारावर हाय, पानी थांबत नाय, म्हनून जगतो."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. आम्ही सगळे खाली बघत होतो.

"भागाबाई, शिक्षण किती झालंय तुमचं?"

"शिक्षान कुठलं, सायब."

"मग आपण असं करू. शिकलेल्यांनी सांगायचं, न शिकलेल्यांनी करायचं. जमेल?"

हेडक्लार्क कदम पहिल्यांदा हसले. मग बाकीचे. मीही हसलो. मला हसू आलं नव्हतं. त्या खोलीत कोण हसत नाही याकडं साहेबांचं लक्ष असायचं, म्हणून हसलो.

एका अडाणी बाईनं त्या दिवशी एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं. पाणी थांबत नाही म्हणून जगतो. मी चार वर्षं शिकून आलो होतो आणि मला ते वाक्य ऐकू आलं होतं, कळलंही होतं.

आषाढ संपता संपता खालचं पान पिवळं पडलं. साहेबांनी मला बोलावलं.

"जाधव, तुम्ही शेतीचे. बघा."

मी वाकलो. पान बुडाशी मऊ लागत होतं, मातीवर हिरवट शेवाळ धरलं होतं. एका नजरेत कळलं. पण पाणी जास्त होतंय असं म्हणणं म्हणजे साहेब चुकले असं म्हणणं होतं. माझी मुदतवाढ त्यांच्या सहीवर होती. ते सोडा. खरं कारण त्याहून हलकं होतं. मला त्यांच्या मर्जीतला व्हायचं होतं.

"साहेब, उजेड कमी पडतोय," मी म्हणालो. "ऊन मिळालं पाहिजे."

पावसाळ्यात पोलादपूरला उजेड कमी पडतो हे खोटं नव्हतं. त्यामुळं जीभ अडखळली नाही.

त्या महिन्यात तिथं ऊन म्हणजे काय? दिवसातून एकदा-दोनदा ढग फाटतात, दहा मिनिटं अंगणातली डबकी चमकतात आणि पुन्हा झाकोळ. साहेबांनी हुकूम काढला. ऊन आलं की निवडुंग बाहेर न्यायचा. पण अंगणात गुरं फिरतात, कुणाचा पाय लागेल, तेव्हा खाली ठेवायचा नाही. भागाबाईनं हातात धरून उभं राहायचं.

ती उभी राहायची. दोन्ही हातांत ती जड कुंडी, पोटाशी टेकवलेली. पानं तिच्या मनगटांना, दंडाला, कधी गळ्याला घासायची. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. ऊन गेलं की ती आत येऊन कुंडी साहेबांच्या टेबलालगतच्या खिडकीत ठेवायची आणि पदरानं मनगटं पुसायची. पुसल्यानं कुसळं जास्त आत जातात. मग ती मागच्या दाराशी बसून हात केसांत घासायची, तेलकट केसांत निघतात म्हणून. दुपारी भाकरी खाताना बोटांतली कुसळं ओठांना लागायची. मग तिनं कार्यालयात खाणंच सोडलं. भाकरी तशीच बांधून परत न्यायची.

यातही आम्ही गंमत काढली. कदमांनी सुरू केली. बाहेर धो धो पाऊस असला तरी ते टेबलावरून ओरडायचे, "भागाबाई, ऊन!" ती चहाचं आधण सोडून धावत यायची, कुंडी उचलायची, दारापर्यंत जायची आणि पाऊस बघून तशीच परत यायची. सगळे खदखदून हसायचे. साहेब आतून काही म्हणायचे नाहीत. त्यांच्या खोलीचं दार उघडं असायचं.

मीही ओरडलो होतो. तीन वेळा. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्याला काही अर्थ नाही.

एकदा ती मागच्या दाराशी हात घासत बसली होती. मी तोंड धुवायला गेलो होतो. काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "फार टोचतं का हो?"

तिनं मान वर केली. गळ्यावर लाल पुरळ उठलं होतं.

"मला काय इचारताय? हा कशानं पिवला पडतोय ते तुमाला ठावं हाय ना?"

"उन्हाचं..." मी सुरुवात केली.

"शिकलात ना तुमी," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

त्याच आठवड्यात साहेबांनी पाणी वाढवलं. "आता उन्हात ठेवतोय म्हणजे तहान जास्त लागणार. दोन ग्लास करा." कदम तिथं होते. मी होतो. भागाबाईनं या वेळी काही विचारलं नाही. दोन ग्लास मोजून ओतले.

निवडुंग खालून वर पिवळा होत गेला. आधी फिकट, मग हळदीसारखा, मग कडेनं तपकिरी. गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मधलं मोठं पान आपोआप गळून साहेबांच्या टेबलावर, उघड्या फायलीत पडलं. फुटलं. आतून लगदा निघाला आणि तो वास खोलीभर झाला.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. चष्मा काढला. पण या वेळी तो पुसायचं विसरले. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ते घाबरलेले आहेत. वरच्या साहेबांनी दिलेली वस्तू त्यांच्या हातात मेली होती. घाबरलेल्या माणसाची दया यायला हवी होती. मला एवढंच कळलं की आता ते कुणाला तरी खाणार, आणि तो मी नसावा.

"जाधव, हे कशानं झालं?"

आता मात्र खरं बोलणं सोयीचं होतं.

"पाणी जास्त झालं, साहेब. मुळं कुजलीत."

"कोण घालतंय एवढं पाणी?"

"भागाबाई," मी म्हणालो.

दोन्ही उत्तरं अक्षरशः खरी होती.

भागाबाई पुढं आली. "सायब, तुमीच बोललात रोज घाल म्हनून. मंग दोन ग्लास बोललात. ह्ये सगले होते की." ती माझ्याकडं वळली. "तुमी होतात ना?"

कौलांवर पाऊस वाजत होता. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि साहेबही.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

कदम पेनाची निब तपासत होते.

पुढचं काम साहेबांनी माझ्याकडंच दिलं. तिचा लेखी खुलासा घ्यायचा होता. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी लिहायचा आणि तिनं सही करायची. मी कोपऱ्यातल्या टेबलावर कार्बन घालून बसलो आणि साहेब सांगत गेले. मी खाली सही करणार कबूल करते की, वेळोवेळी सूचना देऊनही माझ्या निष्काळजीपणामुळे कार्यालयातील वस्तूचे नुकसान झाले आहे. यापूर्वीही माझ्याकडून अशा चुका झाल्या आहेत. हे दुसरं वाक्य लिहिताना मी क्षणभर थांबलो. साहेब म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.

साहेब आत गेले. भागाबाई टेबलाशी उभी होती.

"काय लिवलंय?"

"नेहमीचंच आहे. निवडुंगाला पाणी घालत होते, एवढंच."

"बरं."

तिच्या मुलीनं तिला नाव लिहायला शिकवलं होतं. चार अक्षरं. बोटं इतकी सुजली होती की पेन धरता येईना. पहिला भा कागदाबाहेर गेला. साहेब दारातून बघत होते. "घाई नाही," ते हळूच म्हणाले. तिनं चारही अक्षरं पुरी केली. नियमाप्रमाणं मी तिला कार्बनची प्रत दिली. तिनं ती घडी घालून भाकरीच्या प्लास्टिकमध्ये ठेवली.

गणपतीनंतर तिला येऊ नका म्हणून सांगितलं. तरी ती चार दिवस आली. सकाळी वेळेवर येऊन पडवीत भिंतीला टेकून बसायची, संध्याकाळी उठून जायची. काही मागायची नाही, कुणाला थांबवायची नाही. आम्ही तिच्यासमोरून आत-बाहेर करत होतो. पाचव्या दिवशी ती आली नाही. तिच्या जागी आलेल्या बाईचा चहा चांगला असायचा. कदम तसं म्हणाले आणि मला ते पटलं.

उरलेला निवडुंग वाचवायचं काम माझ्यावर आलं. मी कुंडी मागच्या अंगणात नेऊन उपडी केली. माती पडली नाही. चिखलाचा गोळा घसरला आणि त्यामागून काळं पाणी. मी कुंडीच्या तळाशी बोट फिरवलं. गुळगुळीत. कुंडीला भोक नव्हतं. ती फुलदाणी होती, शोभेची. अडीच महिने घातलेला प्रत्येक ग्लास आत साचून होता आणि पदवीधर माणसानं, म्हणजे मी, एकदाही ती उचलून खालून बघितली नव्हती.

शेंड्याचं एक पान अजून घट्ट हिरवं होतं. ते मी नव्या पात्यानं कापलं, कापलेल्या जागी राख लावली, कागदावर ठेवून महाडच्या खोलीत आठ दिवस सुकू दिलं. तोंड वाळून खपली धरल्यावर भोकाच्या मातीच्या कुंडीत लावलं. तळाला खापरं, वर अर्धी नदीची वाळू, थोडा मुरूम, अगदी थोडी माती. दोन आठवडे पाण्याचा थेंब घातला नाही. आणि ते जगलं. मला त्याचा अभिमान वाटला. खरंच वाटला.

बायकोलाही आज मी हेच सांगणार आहे. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच एवढं पाणी असतं की निवडुंगाला महिनोन्महिने वेगळं घालावं लागत नाही. बोट दोन पेरं मातीत घाल, ओल लागली तर तांब्या परत ठेव. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नकोस. वारा लागेल अशा ठिकाणी ठेव, आणि पावसाळ्यातून एकदम कडक उन्हात काढू नकोस. पिवळं पडलेलं पुन्हा हिरवं होत नाही, त्याची आशा सोड आणि घट्ट असेल तेवढं वाचव. एवढं सगळं मला तेव्हाही येत होतं. जूनमध्येच, भर कार्यालयात, एका मिनिटात सांगता आलं असतं.

वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा पाऊस शेवटच्या सरी टाकत होता. साहेबांनी नवा कोट घातला होता. मी जगवलेलं पान टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. वरचे साहेब ओला रेनकोट घालूनच आत आले, फायल टेकवायला जागा बघू लागले आणि त्यांनी हातानं कुंडी बाजूला सारली.

"आई गं! हे काटे कुणी आणून ठेवलेत इथं?"

"सर, आपणच मला..." साहेब पुटपुटले.

"मी?" ते बोट तोंडात घालून चोखत होते. त्यांना आठवत नव्हतं. ते माझ्यासारखं खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. "कार्यालयात असलं काही ठेवत जाऊ नका."

साहेबांचा चेहरा निवडुंगासारखाच खालून वर पिवळा पडत गेला. ते उभे होते आणि समोरचा माणूस बोट चोखत त्यांच्याकडं बघत होता. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला खाली बघितलं. त्या आनंदात मला भागाबाईची आठवणही नव्हती. "जाधव, टाकून द्या," साहेब म्हणाले. मी ते नेऊन मागच्या नाल्यात टाकलं. परत येताना पडवीतली ती भिंत दिसली, भागाबाईची पाठ टेकून तेवढ्या जागचा ओलसर चुना गेला होता. तिथं मला ती आठवली.

दिवाळीच्या आधी एका शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी तिच्या वाडीला गेलो. डोंगरावर सोनकी फुलली होती, भात पिवळं झालं होतं. ऊन असं पडलं होतं की श्रावणात त्याच्यासाठी कुणाला उभं करावं लागलं होतं हे खरं वाटू नये. पिशवीत पावशेर पेढे होते. चढताना दोन वेळा वाटलं परत फिरावं. चढ संपला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि काय बोलायचं ते सगळं विसरलो होतो.

भागाबाई अंगणात नाचणीची कणसं खुडत बसली होती. मला बघून दचकली नाही. उठली, तांब्यात पाणी आणून दिलं.

"बसा."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. उन्हाचं मी मुद्दाम सांगितलं, पाण्याचं मला माहीत होतं, मला आठवत नाही म्हणालो ते खोटं होतं. आणि त्या कागदावर मी सांगितलं त्याहून वेगळं लिहिलं होतं. ती कणसं खुडत ऐकत होती. हात आता बरे दिसत होते.

"ठावं हाय," ती म्हणाली. "पोरीनं वाचून दाखवला तो कागद. त्याच दिशी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? चार दिवस येऊन बसत होतात..."

"तुमी कवा बोलताय ते बघत होते."

पेढ्यांची पिशवी माझ्या पायाशी होती. मी ती उघडली नाही.

"आता हितं बोलताय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळंच ऐकवेना. "हितं कोन हाय ऐकायला?"

"मी लिहून देऊ का? वर कळवू? सगळं खरं?"

तिनं कणीस सुपात ठेवलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. "द्याल?"

मला वाटलं होतं ती नको म्हणेल. चढून येताना मी तेवढाच विचार केला होता की मी विचारीन, ती नको म्हणेल आणि आम्ही दोघं मोकळे होऊ. ती वाट बघत राहिली. माझी मुदतवाढ पुढच्याच महिन्यात होती. गोठ्यात एक शेळी ओरडली. मी तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायलो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि पुढचं कणीस उचललं.

तेवढ्यात घरामागून मुलगी आली. डोक्यावर गवताचा भारा, हातात कोयता. मी तिला पहिल्यांदाच समोरून बघत होतो. आईचेच डोळे. शुक्रवार होता, शाळेचा वार. तिनं भारा खाली टाकला, कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडं बघून आईला विचारलं, "आये, कोन हाय गो?"

भागाबाईनं मान वर केली नाही.

"कोन नाय. वाट चुकलेत."

मी उठलो. पायांत चपला घातल्या. मुलगी पुढं झाली, अंगणाच्या कडेला येऊन तिनं कोयत्यानं खाली दाखवलं. शाळेत उत्तर द्यावं तशी सावकाश, सगळं नीट सांगत होती.

"ह्या बांधानं सरल जावा. फुडं दोन वाटा फुटतात, उजवीकडची नको, ती देवलाकडं जाते. डावीनं उतरा. ओढ्यातल्या धोंड्यांवर पाय जपून टाका, अजून शेवाल हाय. मंग खाली डांबरी लागंल."

"तुला चांगली माहिती आहे वाट," मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"रोज जायची ना मी. आयेसंगं."

 माझ्या शहरी चपला आणि घामेजला शर्ट बघून तिला माझी काळजी वाटली असावी.

"जंगलातली वाट हाय," ती म्हणाली. "एकट्याला भ्या वाटत असंल तर ओढ्यापर्यंत येते मी."

मी नको म्हणालो, आणि तिनं सांगितलेल्या वाटेनं खाली उतरलो.